हलक्या रायफलीवर छोटा रेड डॉट: काय पाहून घ्यावा आणि कसा बसवावा

रेड डॉट, म्हणजे रायफलीवर बसवायची नेम धरायची छोटी साइट, डोळ्यासमोर धरला की समोरच्या दृश्यावर एक लाल ठिपका तरंगताना दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा लेझरसारखा पुढच्या भिंतीवर पडतोय. भिंतीवर काहीही पडत नसतं. ठिपका फक्त काचेतून पाहणाऱ्याला दिसतो. शेजारी उभ्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, कुठंय ठिपका? एवढी एक गोष्ट नीट उमगली की साइट निवडतानाचे निम्मे प्रश्न सुटतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

गाडीचा हेडलाइट आठवा. खोलगट, चकचकीत रिफ्लेक्टर आणि त्याच्या केंद्रबिंदूवर बल्ब. बल्बचा उजेड रिफ्लेक्टरवर आपटतो आणि समांतर झोत होऊन बाहेर पडतो. रेड डॉटमध्ये मागच्या बाजूला, कडेला किंवा तळाशी, मोहरीहूनही बारीक एलईडी असतो. पुढची काच किंचित खोलगट असते आणि तिच्यावर पातळ लेप असतो. हा लेप लाल रंगाचा ठरावीक पट्टा तेवढा परत पाठवतो, बाकीचा उजेड आरपार जाऊ देतो. एलईडीचे किरण काचेवरून समांतर होऊन डोळ्यात येतात, आणि समांतर किरण म्हणजे फार लांबून आलेले, असं डोळा धरून चालतो. त्यामुळे ठिपका लक्ष्याच्या जागीच असल्यासारखा भासतो.

कल्पना जुनी आहे. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली अशी परावर्तनाची साइट मांडली. हे ग्रब मूळचे दुर्बिणी बनवणारे. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत १८८८ पासून जी २० इंची दुर्बीण होती, ती याच ग्रब यांच्या कारखान्यातली; वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. ताऱ्यांसाठी काच घासणाऱ्या हातांनी नेमाची काच घडवली, हे आपल्याकडच्या नेमबाजांना ठाऊक असायला हवं. त्या काळी अशा साइटला सेलवर चालणारा चिमुकला दिवा मिळणं शक्य नव्हतं. तो एलईडी आल्यावर मिळाला, आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने पहिला इलेक्ट्रॉनिक रेड डॉट बाजारात आणला. तो शिकाऱ्यांसाठीच होता.

कोणत्या रायफलीसाठी, कोणत्या कामासाठी

रेड डॉटची ख्याती युरोप-अमेरिकेतल्या शिकारीतून झाली. हाकाऱ्यात पळणारं रानडुक्कर, ४०-५० मीटरचं अंतर, क्षणभराची संधी. अशा वेळी दुर्बिणीतून जनावर शोधत बसायला सवड नसते. पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराबाबतही वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणपक्ष्यांवर एअरगन रोखणं हासुद्धा त्याच कायद्याखालचा गुन्हा आहे. तेव्हा नाशिकमध्ये हलक्या रायफलीवर रेड डॉट लावायचा तो कागदावर, पत्र्याच्या पडणाऱ्या लक्ष्यांवर आणि डब्यांवर नेम धरण्यासाठी. साइटचं शास्त्र दोन्हीकडे एकच, फक्त अंतरं आपली धरायची.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमी बोअरच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. त्याहून मोठा बोअर किंवा जास्त ताकद असेल तर लागतो. पॉइंट टू टूची, म्हणजे .२२ इंच बोअरची काडतुसाची रायफल हे तर बंदुकीचंच हत्यार, तिला परवाना आलाच.

आणखी एक सूचना आधीच, म्हणजे कुणाचे पैसे वाया जायला नकोत. मुलगा किंवा मुलगी क्लबमध्ये १० मीटर एअर रायफलचा सराव करत असेल आणि स्पर्धेत उतरायचं असेल, तर रेड डॉट घेऊ नका. आंतरराष्ट्रीय नियमांच्या १० मीटर प्रकारात पीप साइटच (बारीक भोकातून पाहायची) चालते, आणि राष्ट्रीय नियमांच्या ओपन साइट प्रकारात पुढची माशी व मागची खाच. तिथल्या कागदावर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. त्या कामासाठी रेड डॉट मुळात बनलेलाच नाही.

मग बनलाय कशासाठी? साध्या साइटवर डोळ्याला तीन ठिकाणी एकदम लक्ष ठेवावं लागतं: मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य. चाळिशीनंतर खाच धूसर व्हायला लागते, माशी नीट पाहावी तर लक्ष्य पुसट होतं. रेड डॉटमध्ये ठिपका आणि लक्ष्य एकाच अंतरावर दिसतात. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. डोळा साइटपासून किती लांब असावा याचं बंधन नाही, त्यामुळे उभं राहून, वाकून, कशाच्या तरी आडून नेम धरला तरी ठिपका सापडतो.

वजनाचा हिशेबही पाहा. अडीच-तीन किलोच्या रायफलीवर मध्यम दुर्बीण रिंगांसकट चढवली की अर्धा किलो वाढतो, तोही वरच्या बाजूला. रायफल डोईजड होते आणि हातात फिरवताना जाणवतं. छोटा नळीसारखा रेड डॉट साधारण १०० ग्रॅमचा, आणि उघड्या खिडकीचा त्याहून चिमुकला डॉट ३० ते ५० ग्रॅमचा. हलकी रायफल हलकीच राहते, हे या साइटचं खरं मोल.

त्या बदल्यात काय सोडावं लागतं तेही सांगायला हवं: मोठं दिसत नाही. रेड डॉट एकपट असतो. ५० मीटरवरच्या कागदावर छर्रा कुठे लागला हे त्यातून कळणार नाही. त्याला वेगळी दुर्बीण लागते.

ठिपक्याचा आकार

ठिपक्याचं माप एमओए या कोनात सांगतात. एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक एमओए. लक्षात ठेवायचा आकडा एकच: १०० मीटरवर एक एमओए म्हणजे २.९ सेंटिमीटर. बाकी सगळं भागाकाराने निघतं. १० मीटरवर २.९ मिलिमीटर, २५ वर साधारण ७.३, ५० वर १४.५.

म्हणजे २ एमओएचा ठिपका २५ मीटरवर दीड सेंटिमीटर जागा झाकतो आणि ६ एमओएचा साडेचार सेंटिमीटर. तीन सेंटिमीटरच्या लक्ष्यावर सहाचा ठिपका ठेवला तर लक्ष्य गायब. उलट, मोठा ठिपका डोळ्याला चटकन सापडतो, आणि पिस्तुलावर किंवा १५ मीटरच्या आतल्या वेगवान लक्ष्यांवर तो उपयोगी पडतो. रायफलीसाठी २ किंवा ३ एमओए घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ठिपका लहान वाटला तर उजेड एक पायरी वाढवून भासाने मोठा करता येतो; सहाचा ठिपका दोनचा करता येत नाही.

ठिपक्याभोवती वर्तुळ असलेले प्रकार देखणे दिसतात. होलोग्राफिक साइटमध्ये ते वर्तुळ फार स्वच्छ येतं, पण ती जात निराळी: तिथे एलईडीऐवजी लेझर असतो, वजन जास्त आणि सेल शेकड्यांत किंवा हजारेक तासांतच संपतो. हलक्या रायफलीसाठी तिचा विचार करायचं कारण नाही.

‘पॅरॅलॅक्स फ्री’ या शब्दाचं खरंखोटं

खोक्यावर हे हमखास छापलेलं असतं. अर्थ असा सांगितला जातो की डोळा खिडकीत कुठेही असो, ठिपका जिथे दिसेल तिथेच मार बसेल. लांबच्या अंतरावर हे जवळपास खरं आहे. १० मीटरवर नाही.

कारण वर सांगितलेल्या समांतर किरणांत आहे. डोळा खिडकीच्या मध्यापासून ८ मिलिमीटर उजवीकडे सरकला, तर तो जो किरण पाहतो तोही मूळ रेषेपासून ८ मिलिमीटर बाजूला, समांतर धावतो. १०० मीटरवर ८ मिलिमीटर कुणी मोजत नाही. १० मीटरवर तेवढ्यात बाटलीचं झाकण चुकतं. काही कंपन्या किरण अगदी समांतर न ठेवता ४०-५० मीटरवर एकत्र येतील असे लावतात. त्यानेही जवळच्या अंतरावरची चूक पूर्ण जात नाही.

उपाय साधा आहे. २५ मीटरच्या आत नेम धरताना ठिपका खिडकीच्या मधोमध ठेवायची सवय लावा. त्यासाठी गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकला पाहिजे, आणि गाल टेकण्यासाठी साइट खाली बसली पाहिजे. माउंटच्या, म्हणजे साइट रायफलीवर धरणाऱ्या जोडाच्या, उंचीचा मुद्दा इथून सुरू होतो. तो पुढे येतोच.

घेतलेल्या साइटमध्ये ही चूक किती आहे हे तपासता येतं. रिकामी रायफल रेतीच्या पिशव्यांवर अशी बसवा की ती हलणार नाही. १० मीटरवर चौकटीचा कागद लावा. रायफलीला हात न लावता डोकं डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकवा, आणि ठिपका किती चौकटी फिरतो ते पाहा. मध्यापासून एका बाजूला खिडकीच्या अर्ध्या रुंदीहून जास्त फिरला, किंवा एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त फिरला, तर काचेतच दोष आहे. परत द्या.

ठिपका फुटलेला दिसतो तेव्हा

गोल ठिपक्याऐवजी स्वल्पविराम, द्राक्षाचा घड किंवा तारा दिसतो, अशी तक्रार फार जणांची असते. बऱ्याच वेळा साइट चांगली असते आणि डोळ्यात ॲस्टिग्मॅटिझम असतो, म्हणजे डोळ्याचा पुढचा पडदा सगळीकडून सारखा गोल नसतो. ओळखायच्या दोन खुणा. साइट हातात धरून आडवी फिरवा: ठिपक्याचं शेपूट साइटबरोबर फिरलं तर दोष साइटचा, जागच्या जागी राहिलं तर डोळ्याचा. दुसरी खूण, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ठिपका पाहा. तिथे तो गोल दिसला तर साइटला बोल लावू नका, आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

उजेड गरजेपेक्षा जास्त ठेवल्यावरही असंच फुटलेलं दिसतं. ठिपका जेमतेम स्पष्ट दिसेल इतकाच उजेड हवा. दुपारी उन्हातली पायरी संध्याकाळी तशीच राहिली की लाल रंग लक्ष्यावर सांडतो. उजेड आपोआप बदलणारे नमुने ऐकायला सोयीचे, पण नेमबाज शेडच्या सावलीत आणि लक्ष्य लख्ख उन्हात असलं की ते फसतात: साइट सावली मोजते आणि ठिपका मंद करते, नेम मात्र उन्हात धरायचा असतो. आपल्या रेंजवर हीच परिस्थिती रोजची. हाताने उजेड बदलता येणारी साइट घ्या.

उघडी खिडकी की बंद नळी

उघड्या प्रकारात एक काच, तिच्याभोवती चौकट आणि मागे उघडा एलईडी. ट्रायजिकॉनची आरएमआर याच घराण्यातली. वजन कमी, दृश्य मोकळं. अडचण एकच, पण मोठी: एलईडी आणि काच यांच्यात पावसाचा थेंब, चिखल किंवा धुळीचा कण बसला की ठिपका फुटतो किंवा दिसेनासाच होतो. बंद प्रकारात पुढे-मागे दोन काचा आणि मधली हवा बंदिस्त. बाहेरची काच पुसली की काम झालं. एमपॉइंटच्या मायक्रो मालिकेतली एच-२ या बंद प्रकारातली, शिकारीच्या रायफलीसाठीच काढलेली.

शेडमध्ये बसून सराव करणाऱ्याला उघडी पुरते. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात किंवा मळ्यातल्या धुळीत रायफल बाहेर निघणार असेल तर बंद घ्या, ५०-६० ग्रॅम जास्त पडले तरी चालतील. पाण्याबाबत खोक्यावरचा आकडा वाचा. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी ६७ मध्ये धुळीचीही हमी येते. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं असेल तर ते लिहिलं नाही असं समजा.

स्प्रिंग रायफलीचा उलटा झटका

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा, कारण सर्वांत जास्त साइटा इथेच मरतात. आणि मरतात त्या बंदुकीवर कमी, साध्या एअर रायफलीवर जास्त.

बंदुकीचा झटका एकाच दिशेला असतो: मागे. दुर्बिणी आणि साइटा हा मागचा झटका धरून बनवलेल्या असतात. स्प्रिंगच्या एअर रायफलीत दोन झटके बसतात. चाप ओढला की जड पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे सरकते. क्षणार्धात पिस्टन दाबलेल्या हवेवर आणि सिलिंडरच्या टोकावर आदळतो, आणि रायफल एकदम पुढे हिसकली जाते. हा दुसरा हिसका अचानक आणि उलट दिशेचा असतो. साइटच्या आतले जोड, एलईडीचा सांधा, सेलची स्प्रिंग, सगळं त्यात सैल होतं. दोन-तीनशे छऱ्यांनंतर ठिपका लुकलुकायला लागतो किंवा नेम रोज नव्या जागी सरकतो.

म्हणून पहिला प्रश्न कंपनीचा नाही, रायफलीचा. पीसीपी, म्हणजे आधी हवा भरून ठेवायची रायफल असेल, तर झटका जवळपास नसतोच. तिथे कोणतीही बरी साइट टिकते. पॉइंट टू टूचा झटकाही सौम्य. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या .३१५ सारख्या भारी रायफलीवर सेंटरफायरचा, म्हणजे मोठ्या काडतुसाचा, झटका सोसेल अशी साइट हवी. स्प्रिंग किंवा गॅस रॅम (स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू) असेल तर ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी’ असं कंपनीने लेखी दिलेली साइटच घ्या. दुकानदाराचा शब्द पुरेसा नाही. सूचनापत्रकात हमीच्या कलमात एअर रायफल वगळलेली आहे का ते उभ्या उभ्या वाचा. बऱ्याचदा वगळलेली असते.

या उलट्या झटक्याने माउंटही सरकतो. रायफल पुढे हिसकली जाते, साइट जडत्वाने जागीच राहू पाहते, आणि दर बारागणिक केसभर मागे घसरते. त्यासाठी नळीवरच्या खाचेत जे गोल भोक असतं त्यात माउंटची थांबपिन बसली पाहिजे. भोक नसेल तर माउंटच्या मागे वेगळा थांबा लावतात. पिन नसलेला माउंट स्प्रिंग रायफलीवर लावूच नये. स्क्रू कितीही आवळले तरी तो चालत राहतो आणि जाताना खाचेच्या कडा कुरतडतो.

रेल, माउंट आणि स्क्रू

एअर रायफलीवर आणि बऱ्याच पॉइंट टू टूंवर ११ मिमीची डव्हटेल खाच असते: नळीच्या पाठीवर दोन तिरप्या चरी. इतर बऱ्याच आधुनिक रायफलींवर पिकॅटिनी रेल, म्हणजे आडव्या खाच्यांची पट्टी, येते. तिच्यातले खाचे ५.२३ मिमी रुंद आणि एकापासून दुसऱ्याचं मध्यांतर १० मिमी. वीव्हर रेल दिसायला तशीच, पण तिचा खाचा ४.५७ मिमी. त्यामुळे वीव्हरचा माउंट पिकॅटिनीवर बसतो, पिकॅटिनीचा वीव्हरवर बसेलच असं नाही. बहुतेक छोट्या रेड डॉटबरोबर पिकॅटिनीचाच माउंट येतो आणि एअर रायफलवाला घरी आल्यावर डोक्याला हात लावतो. साइट मागवण्याआधी व्हर्नियरने खाच मोजा. ११ मिमीवरून पिकॅटिनीत बदलणारा जोड मिळतो, पण तो साइटची उंची वाढवतो. त्यापेक्षा थेट ११ मिमीचा माउंट बरा.

मनाजोगता मिळाला नाही तर सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून असा माउंट मिलिंगवर काढून देणारी वर्कशॉप्स आहेत. ६०६१ ग्रेडचं ॲल्युमिनियम सांगा, डव्हटेलचा कोन रायफलीवरून मोजून द्या, आणि थांबपिनचं भोक विसरू नका. परवान्याच्या रायफलीच्या नळीला किंवा रिसीव्हरला मात्र बाहेरच्या माणसाकडून ड्रिल लावून घेऊ नका. ते काम परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याचं.

उंची जितकी कमी तितकी चांगली. खोक्यात फुकट मिळणारा उंच ठोकळा सरळ दस्त्याच्या लष्करी धाटणीच्या रायफलींसाठी असतो. आपल्या लाकडी, उतरत्या दस्त्यावर तो लावला की गाल हवेत राहतो आणि हनुवटी टेकवून नेम धरावा लागतो. योग्य उंचीची परीक्षा अशी: डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल सहज टेकवा, डोळे उघडा. ठिपका समोरच दिसला पाहिजे. मान वर करून शोधावा लागला तर माउंट उंच आहे.

बसवण्याचा क्रम. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री. मग रेल, माउंटचा तळ आणि स्क्रूची भोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल काढा. तेलकट आट्यांवर लॉकटाइट, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, धरत नाही. साइट माउंटवर जोडणाऱ्या बारीक स्क्रूंना निळ्या लॉकटाइटचा एक लहान थेंब. लाल लॉकटाइट नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही आणि तापवलं तर साइट जाते. या स्क्रूंना साधारण १२ ते १५ इंच-पाउंड, म्हणजे दीड न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो; पत्रकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. जोर लावून आवळल्याने साइट घट्ट होत नाही, स्क्रूचं डोकं तुटतं. रेलवर कसताना झटक्याची दिशा ध्यानात ठेवा: बंदुकीवर माउंट खाच्यात पुढे रेटून कसायचा, स्प्रिंग रायफलीवर मागे रेटून. लॉकटाइट सुकायला एक दिवस द्या. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे लगेच कळतं.

दुकानात उभं राहून

समोर लांबची एखादी इमारत घ्या आणि तिची उभी कड खिडकीतून जाईल अशी साइट धरा. काचेतून दिसणारी कड आणि बाहेरची कड एका रेषेत हवी. तुटली, वाकली किंवा लहान-मोठी दिसली तर काच सदोष. काचेत थोडी निळसर झाक असणारच, कारण लाल रंग लेप परत पाठवतो. दृश्य संध्याकाळसारखं काळवंडलं तर मात्र लेप हलका. साइट तळहातावर आपटा: ठिपका लुकलुकला तर सेलचा संपर्क सैल आहे. नेमाचे स्क्रू दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा, प्रत्येक टिचकी, म्हणजे स्क्रूचा एकेक टप्पा, सारखी जाणवली पाहिजे.

आणि सेल कुठून बदलतो ते पाहा. तळाशी असेल तर दर वेळी साइट काढावी लागते आणि नेम पुन्हा तपासावा लागतो. वरून किंवा कडेने बदलणारा नमुना कधीही सोयीचा. सीआर २०३२ या नावातच माप आहे: २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी. सीआर १६३२ त्याहून लहान, क्षमताही कमी. दोन्ही सहज मिळतात. चांगली साइट २०३२ वर ५०,००० तास चालते असं कंपनी सांगते, तेव्हा हिशेब असा असतो: सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे साइट फक्त ४.४ मायक्रोअँपिअर खाते. हा आकडा मधल्या पायरीचा. पूर्ण उजेडावर तोच सेल बराच लवकर संपतो. काही कंपन्यांच्या सेलवर मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप असतो. तो स्तुत्यच आहे, पण कधीकधी संपर्काला आड येतो. नवा सेल घालूनही ठिपका आला नाही तर अल्कोहोलच्या बोळ्याने कडा पुसून पाहा. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला बटण सेल अन्ननलिका जाळतो. तसं झालं तर तडक रुग्णालय.

नेम लावणं

हे काम रेंजवर किंवा मागे मातीचा भक्कम बांध असलेल्या जागीच करायचं. गच्चीवर नाही, चुकलेला छर्रा दीडशे मीटर सहज जातो.

१० मीटरवर कागद लावा आणि पिशवीचा आधार घेऊन पाच छर्रे मारा. एकेका छऱ्यावर स्क्रू फिरवू नका, पाचांच्या समूहाचा मध्य धरा. समजा मध्य २३ मिमी खाली आणि १२ मिमी डावीकडे आहे, आणि साइटची एक टिचकी एक एमओए, म्हणजे इथे २.९ मिमी. २३ भागिले २.९ म्हणजे आठ टिचक्या वर, १२ भागिले २.९ म्हणजे चार उजवीकडे. पुन्हा पाच. मग २५ मीटरवर जा, तिथे टिचकी ७.३ मिमीची. बाण मार कुठे सरकेल ते दाखवतो. काही स्वस्त नमुन्यांत तो ठिपक्याची दिशा दाखवतो, ते पहिल्या दुरुस्तीतच उघड होतं.

स्प्रिंग रायफल थेट पिशवीवर टेकवली की ती उसळते आणि समूह पसरतो. पिशवीवर हात ठेवा, उघड्या तळव्यावर रायफल ठेवा, घट्ट धरू नका, तिला मागे-पुढे सरकू द्या. इंग्रजीत याला आर्टिलरी होल्ड म्हणतात. देवळालीच्या तोफखान्याच्या गावाजवळ राहणाऱ्याला नाव समजावून सांगायला नको: तोफेची नळी गाड्यावर मोकळी मागे सरकते आणि परत जागी येते, तसंच हे.

आता एक हिशेब, जो बहुतेक जण करत नाहीत आणि मग साइटला दोष देतात. साइट नळीच्या वर असते, म्हणून नजरेची रेषा आणि छऱ्याचा मार्ग वेगळे. साइट नळीच्या मध्यापासून ४.५ सेंटिमीटर वर, छर्रा ८.२ ग्रेनचा (सुमारे अर्ध्या ग्रॅमचा), वेग सेकंदाला २०० मीटर आणि नेम २५ मीटरवर लावलेला, असं धरलं तर ५ मीटरवर मार साधारण दोन सेंटिमीटर खाली बसतो, १० वर अर्धा सेंटिमीटर खाली, १५ वर अर्धा सेंटिमीटर वर, २५ वर नेमका, आणि ३५ वर साडेतीन-चार सेंटिमीटर खाली. म्हणजे १० ते २५ मीटरपर्यंत ठिपका जिथे तिथेच मार, असं व्यवहारात धरता येतं. ३५ वर ठिपका वर ठेवावा लागतो. स्वतःच्या रायफलीचे हे आकडे मारून बघून दस्त्याच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवा.

नेम लागल्यावर साइटची इमानदारी तपासा: २० टिचक्या वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक ठिकाणी तीन छर्रे आणि शेवटी मूळ जागी तीन. १० मीटरवर ५८ मिमीचा चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचे तीन पहिल्या समूहात पडले पाहिजेत. चौकोन वाकडा आला तर ती साइट पुढेही दगा देणार. हमीच्या मुदतीत असताना बदलून घ्या.

पावसाळा आणि मे महिना

जून ते सप्टेंबर साइटचा शत्रू ओल. फोमचं अस्तर लावलेली रायफलीची पेटी ओल शोषून धरते आणि काचेवर बुरशीचे धागे धरतात. एकदा लेप खाल्ला की तो परत येत नाही. पावसाळ्यात साइट काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, आणि पुडीचा रंग बदलला की पुडी बदला. काच पुसताना आधी फुंकणी, मग मऊ ब्रश, मग लेन्सचं कापड. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन अजिबात नाही. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली साइट ठेवू नका. बटण सेल साधारण ६० अंशांपर्यंतच सुरक्षित असतो आणि उन्हातला डॅशबोर्ड त्यापुढे जातो.

सेल संपायची वाट पाहू नका. पावसाळा उतरल्यावर खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून पूजेला मांडली जातातच. त्याच दिवशी सेल बदला, स्क्रूवरच्या नेलपॉलिशच्या रेघा पाहा आणि सेलवर पेनने तारीख लिहा.